कुपी उलटी धरणाऱ्या बाई

प्रयोगशाळेत त्यांना ‘नापासबाई’ म्हणतात; तोंडावर नाही, पण भिंती पातळ आहेत. एकवीस वर्षं त्या एकच काम करतात: रुग्णाच्या अंगाला लागणारी वस्तू आधी तपासायची आणि अपायकारक निघाली तर तसं लिहायचं. यातला पहिला भाग सगळ्यांना आवडतो.

सध्या त्यांच्याकडे कंपनीच्याच कारखान्यातून भाजलेल्या जखमांवरचा एक लेप आला होता. लाकडाच्या लगद्याचे तंतू इतके बारीक केलेले, की एका केसाच्या जाडीत हजारो मावावेत. सोमवारी तो रुग्णालयात जायचा होता. बाईंची सही तेवढी राहिली होती.

चाचणी साधी. नमुना आणि चाचणीचं द्रावण कुपीत मिसळायचं, तासभर ऊब द्यायची, कुपी उलटी धरायची. ओघळलं तर पास. गोठून तळाशी चिकटलं तर लेपात जंतूंची कवचं आहेत. जंतू मरतात, कवचं उरतात आणि जखमेवाटे रक्तात शिरून जिवावर बेतेल असा ताप चढवतात.

बाईंनी कुपी उलटी धरली. आत काही हललं नाही.

“अहो बाई, झाडापासून केलंय ते,” विभागप्रमुख म्हणाले. “नैसर्गिक आहे.”

“विषारी फळंही झाडालाच लागतात, सर.”

“झाडाच्या तंतूंनी ही चाचणी फसते. पुस्तकात आहे.”

“म्हणून तंतूंचा परिणाम अडवून केली. तीनदा. तरी गोठलं.”

“मग पास होईपर्यंत करा.”

“पास होईपर्यंत देतात ती परीक्षा, सर. ही चाचणी आहे.”

घरी नवरा म्हणाला, “कर की सही. तुझ्या एका सहीनं जग बुडणारे का?”

“जगाला कातडी आहे. त्या लोकांना नाही.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी लगदा धुण्याच्या टाकीतलं पाणी तपासलं. तेही गोठलं. पाण्याची गाळणी सात महिन्यांत कुणी बदललीच नव्हती.

“म्हणजे लेप चांगलाच आहे,” प्रमुखांचा चेहरा खुलला. “पाणी वाईट.”

“लेप त्याच पाण्यात धुतलाय, सर.”

सगळा साठा फेकला गेला. ‘विभागप्रमुखांच्या दक्षतेमुळे’ दोष सापडल्याचं अहवालात आलं. नवा लेप तयार व्हायला दोन महिने लागणार होते, आणि हे कळवायचं काम मात्र बाईंकडे आलं.

फोनवर जळीत विभागाचे डॉक्टर भडकलेच. “माझे रुग्ण तळमळताहेत आणि तुम्ही कुप्या कसल्या उलट्या करताय? कुणामुळे अडलंय हे?”

“माझ्यामुळे,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तक्रारीसाठी हुद्दा विचारला. बाईंनी तो सावकाश, दोनदा सांगितला.