करदोड्याला बांधलेली चाबी

अल्लीपूरहून हिंगणघाटला भाजी नेणारा आमचा एक ऑटोवाला आहे. कोरड्या रस्त्यावर तो विमानाला घाम फोडतो. पण चार थेंब पडले की मागून आलेली गोगलगायही त्याला हॉर्न मारते.

परवा नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं. त्यानं ऑटो थांबवला, चाबी काढली आणि सदऱ्याखाली हात घालून ती कमरेच्या करदोड्याला गाठ मारून बांधली.

"काऊन थांबला रे? बाजार उठन! माहा सांभार सडून राह्यला!" कोथिंबिरीची टोपली घेऊन बसलेली मावशी कडाडली.

"सांभार पुन्हा उगवन, मावशे. तू उगवशीन का?"

"घोटाभर तं पाणी हाय! काढ चाबी!"

"तूच काढ."

मावशीनं पदर ओढून तोंड फिरवलं.

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला आम्हाला हसत पाण्यात घुसला. गाडी बहुतेक आता समुद्रात असेल. तो मात्र बाभळीला लटकला, आणि ऑटोवाल्यानं टोपल्यांचा दोर फेकून त्याला ओढून काढला.

बाजार बुडालाच. मावशीनं ऑटोवाल्याच्या सात पिढ्या धुतल्या.

आज पुन्हा पाऊस आहे. स्टँडवर बाकीचे ऑटो रिकामे उभे आहेत, आणि मावशी शिव्या देत त्याच्याच ऑटोत बसली आहे.