वर्ध्याचं ऊन घेऊन वाळवंटात

मे महिन्यात जैसलमेर बघायला जाण्याचा मूर्खपणा मी केलेला आहे, आणि तोही कुणी भरीला घातलं म्हणून नव्हे, चांगला हट्ट करून. गाडी आणि हॉटेल ठरवून देणारा माणूस आपल्या दुकानात बसून मला परोपरीनं सांगत होता, "काकू, दिवाळीनंतर जा. आता तिकडं कोनी जात नाई." मी त्याला म्हटलं, "आम्ही वर्ध्याचे लोकं. उन्हाचं आमाले काय सांगता?"

हे वाक्य आमच्या जिल्ह्यात सगळेच म्हणतात. उन्हाळ्यात आमचा पारा टीव्हीवर दाखवला की घरातलं पोरगं मेरिटमध्ये आल्यासारखे आम्ही एकमेकांना फोन करतो. पुण्याचा पाहुणा दुपारी आडवा झाला की आम्हाला मनातून बरं वाटतं. मी तर शाळेत भूगोल शिकवलेली बाई, म्हणजे गर्वाला पदवीचीही जोड. खरं सांगायचं तर वर्ध्याचं ऊन मी जन्मभर कूलरच्या मागून पाहिलं होतं. मार्चपासून सकाळची शाळा, बाराच्या आत घर, खिडक्यांना ओले पडदे, कैरीचं पन्हं. पाच वाजेपर्यंत बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नसे. एवढ्या बंदोबस्तात काढलेल्या उन्हाळ्यांचा मी लढाई जिंकल्यासारखा तोरा मिरवत होते.

ह्यांनी गुडघे पुढे केले आणि घरीच राहिले. सोबत आली माझी नणंद. ह्यांची मोठी बहीण. मी त्यांना बाई म्हणते. देवळीजवळच्या खेड्यात राहायच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. हा नवरा ऐन तारुण्यात जैसलमेरच्या पुढे रामगढला होता, वाळवंटात कालवा काढायचं काम चाललं होतं तिथं मिस्त्री म्हणून. वर्षातून एकदा घरी यायचा. बाईंना त्यानं कधी सोबत नेलं नाही. तिथं बाईमाणसाच्या राहण्याची सोय नाही, असं सांगायचा. बाई सासूजवळ राहिल्या, कापूस वेचला, लेकरं वाढवली. तो परत आला, म्हातारा झाला, गेला. बाईंनी त्याला कधी काही विचारलं नाही. मी जैसलमेरचं नाव काढलं त्या दिवशी मात्र अंबाडीची भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या,

"तिथून रामगढ जवळ आहे म्हनते."

"असन. काऊन?"

"मले पाह्याचं आहे, त्या कालव्याच्या कॉलनीत बायका राह्यत होत्या का नाई."

"आता कोन सांगन बाई तुमाले? किती वर्षं झाले."

"कोनी सांगाले कायले पायजे? घर पाह्यलं का समजते, आत चूल होती का नाई ते."

त्यांनी भाजीची देठं वेगळी केली आणि उठल्या. दुसरं काही मागितलं नाही. किल्ला, हवेली, उंट यातलं त्यांना काहीच नको होतं. तीन दिवसांतला एक दिवस रामगढचा, आणि तोही पहिलाच, असं आमचं ठरलं.

तो दिवस शेवटी मी ढकलला. कारण सांगायला आज लाज वाटते, पण सांगते. आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक बाई मनालीहून रोज बर्फाचे फोटो टाकत होती. पांढऱ्या बर्फात लाल कोट घातलेली, जणू हिमालय तिच्या माहेरचा. मला तिच्यावर किल्ला फेकून मारायचा होता. रामगढमध्ये फोटो काढण्यासारखं काय? म्हणून जैसलमेरला उतरल्यावर मी म्हटलं, "बाई, आधी गावातलं पाहून घेऊ. रामगढ काई पळून नाई चाललं." बाई म्हणाल्या, "बरं."

त्यांच्या त्या 'बरं'चा मी आयुष्यभर फायदा घेतला.

पहिल्या दिवशी किल्ला झाला. पिवळा दगड, त्यात माणसं राहतात, दारात गोधड्या विकतात. मग हवेल्या. दगडाची जाळी इतकी नाजूक की बघणाऱ्यानं चहा विसरावा. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहायची आणि बाईंच्या हातात मोबाईल द्यायची. "हा गोल आहे ना, तो दाबा. नाई, आता तुमचं बोट आलं त्यात." बाई खेड्यातून पहिल्यांदा एवढ्या दूर आलेल्या, आणि त्यांनी सगळं जैसलमेर त्या मोबाईलच्या काचेतून, मध्ये मला उभं करून पाहिलं. तलावावर नावेत बसायचं म्हटलं तर नावेतही मीच, त्या काठावर.

दुसऱ्या दिवशी कुलधरा. गावाबाहेर ओसाड पडलेलं एक जुनं खेडं आहे, लोक ते बघायला तिकीट काढतात. ड्रायव्हर भला माणूस होता. म्हणाला, "माताजी, सुबह निकलो या फिर शाम को. दोपहर में वहाँ कुछ नहीं है." मी त्यालाही वर्ध्याचं वाक्य हिंदीत ऐकवलं. तो हसला नाही. त्यानं पाण्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या घेतल्या.

दुपारी कुलधऱ्यात आम्ही दोघी आणि एक पहारेकरी. पहारेकरी सावलीत झोपलेला. बाईंनी पदर डोक्यावरून कानांवर ओढून घट्ट खोचला. मी डोकं उघडंच ठेवलं, कारण दुपट्टा गुंडाळला की फोटोत चेहरा दिसत नाही. वरून केसांना ताजी मेंदी लावलेली, ती दाखवायची होती. वय वर्षं साठ, आणि अक्कल मेंदीएवढी. मी एका घराच्या गच्चीवर चढले. खाली बाई कुठे दिसेनात. त्या एका पडक्या घरातून दुसऱ्या पडक्या घरात शिरत होत्या.

"बाई, या ना इकडं. सूर्य डोक्यावर आहे, फोटो चांगला येते."

आतून आवाज आला, "इथं चूल होती वयनी. भिंत काळी आहे अजून."

"राहू द्या हो ती चूल. मोबाईल घ्या."

त्या आल्या. फोटो काढला. चांगला आला.

संध्याकाळी वाळूच्या टेकड्यांवर गेलो. तोपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं होतं, पण उंट राहिला होता ना. उंट उभा राहताना आधी मागून उठतो, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल; प्रत्यक्ष उठला तेव्हा मी धान्याच्या पोत्यासारखी पुढे घरंगळले. उंटवाला खुश. सूर्य मावळायला आला, शेदोनशे लोकांनी त्याच्याकडे पाठ करून फोटो काढले, आणि त्यातला माझा काढून होताच मी उंटाच्या बाजूलाच भडभडा ओकले. वाळवंटानं वर्ध्याचा एवढाच मान ठेवला.

रात्रभर ताप. डॉक्टर आले, सलाईन लावली, लू लागली म्हणाले. बाई कपाळावर ओली पट्टी बदलत बसल्या. पहाटे केव्हातरी मला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा ताप उतरला होता, सलाईन संपली होती, आणि बाई खुर्चीवर तयार बसल्या होत्या. नवं हिरवं पातळ, केस विंचरलेले, मांडीवर पिशवी. पिशवीत घरून आणलेल्या दशम्या. खाली गाडी येऊन उभी होती. संध्याकाळी आमची परतीची रेल्वे.

"कसं वाटते?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे. पन मी काई हलू शकत नाई आज."

"तू पडून राह्य. मी ड्रायव्हरसंगं जाऊन येऊ का? दुपारलोक येतो."

इथं माझा मूर्खपणा संपतो. पुढचं मी पूर्ण शुद्धीत केलं. हॉटेलची बाई खोलीत येऊन बसायला तयार होती. मला लिंबूपाणी पचत होतं. मी बाईंना म्हटलं, "परक्या गावात मले एकटीले टाकून जाता बाई? मले काई झालं तं तुमच्या भावाले काय सांगसान?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीत जाऊन खाली हात हलवला. गाडी निघून गेल्याचा आवाज आला. त्यांनी पिशवी उघडली, दशमी काढली, मला तुकडा करून दिला. नऊच्या सुमाराला मी उशीला टेकून उंटावरचा फोटो ग्रुपवर टाकत होते. मनालीवालीनं अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

संध्याकाळी तोच ड्रायव्हर स्टेशनवर सोडायला आला. वाटेत बाईंनी आपल्या मोडक्या हिंदीत त्याला विचारलं, "भाऊ, रामगढ में नहर का कॉलनी है ना, उसमें पहले औरत लोग रहते थे क्या?"

तो म्हणाला, "मैं तो पोकरण का हूँ माताजी. पता नहीं. देखना है तो जाना पड़ेगा."

"हो," बाई मराठीतच म्हणाल्या, आणि स्टेशन येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

घरी आल्यावर ह्यांनी बहिणीला कसं काय झालं विचारलं. त्यांनी सांगितलं, वयनीले लू लागली होती, आता बरी आहे. रामगढचं नाव काढलं नाही. एखादीनं माहेरी रडून माझी अब्रू काढली असती, तर मीही दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. ती सोय त्यांनी मला दिली नाही.

त्या वर्षी दिवाळीत मी त्यांच्या खेड्यात गेले. फराळाचा डबा नेला होता आणि मनात फार मोठेपणा. थंडी पडायला लागली होती, गाडी ठरवून देणारा सांगत होता तो हंगाम आला होता. बाई अंगणात वाती वळत बसल्या होत्या. मी जवळ बसले आणि म्हटलं, "बाई, चला, पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ. सरळ रामगढ. किल्ला नाई, उंट नाई, काई नाई. फक्त तुमचं रामगढ."

त्यांच्या हातातली वात वळून झाली. ती ताटात ठेवली, दुसरा कापूस घेतला. रागानं नाही, आवाज न चढवता, उद्याच्या भाजीचं सांगावं तसं त्या म्हणाल्या,

"तू मनानं वाईट नाईस वयनी. पन तुह्यासंगं कुठं बी गेलं का तुलेच पाह्यत राहा लागते."