चांगली रॅम

उमरग्यात हायवेला लागून मल्लिकार्जुनचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान. 'बिघडलंय' म्हणून लोक जे परत आणत, त्यातलं बरंचसं धडधाकट निघे. कुणी रॅमची पट्टी नीट दाबून बसवलेली नसे, कुणाची वायर सैल असे, तर कुणाला घेतलेली वस्तू नकोशी झालेली असे. मल्लिकार्जुन वस्तू समोर लावून दाखवी. चांगल्या मालाला त्यानं कधी खराब म्हटलं नाही, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

एका दुपारी जळकोटहून बानूबाई आल्या. मेंढरं राखणारी बाई. पदराच्या गाठीतून त्यांनी रॅम काढली. "बिघडलीय ही."

मल्लिकार्जुननं ती लावली. स्क्रीन लगेच उजळला. "मावशी, एकदम चांगली आहे."

बानूबाई जवळ सरकल्या. "म्याच काढली, अण्णा. ही नसली की मशीन चालत न्हाय, एवढं बघून ठिवलं हुतं. आमचा मल्हार रातध्याड गेमपाशीच बसतोय. कॉलेज सुटलं. ऊठ म्हनलं की अंगावर येतोय. तुमी बिघडली म्हना आन् ठिवून घ्या."

"खोटं कसं सांगू, मावशी? उद्या माझ्यावर कोण विश्वास ठेवील?" त्यानं रॅम परत त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी मल्हारचा फोन आला. "आई म्हणती, रॅम गेली. खरंय का?"

"काही झालेलं नाही तिला. आईकडंच आहे," मल्लिकार्जुन सवयीनं बोलून गेला. फोन कट झाला.

पुढं काही दिवसांनी बानूबाई त्याला दवाखान्यासमोर दिसल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"काय झालं, मावशी?"

"मेंढरानं पाडलं." त्या रस्त्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी खरंच सांगितलं, अण्णा. तुमचं काय चुकलं?"

"आणा ती रॅम," मल्लिकार्जुन म्हणाला, "मी ठेवून घेतो."

"आता कोन हात लावू देतंय?"

रविवारी दुकान बंद ठेवून तो जळकोटला गेला. दाराशी उभं राहून त्यानं मल्हारला खूप हाका मारल्या. आतून बंदुकांचे आवाज येत राहिले. कडी काही निघाली नाही. ओसरीवर बानूबाई डाव्या हातानं स्टोव्हला पंप मारत होत्या. त्यानं पुढं होऊन पंप घेतला, तशा त्या हळूच म्हणाल्या, "जोरात हाका मारू नका, अण्णा. तुमी गेल्यावर मलाच ऐकावं लागतंय."