मायच्या मायचं माहेर

आमच्या धरमपेठेतल्या घरमालकांनी ज्याला आईच्या आईचं माहेर विचारलं नाही, असा माणूस नागपुरात निदान मला तरी भेटलेला नाही. खोली मागायला मी त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही. "तुमच्या मायच्या मायचं माहेर कोनतं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही. "मंग पत्र टाकून विचारा. तोवर खोली झाडून ठेवतो." आणि खरोखरच आजोळहून उत्तर आल्यावर किल्ली हातात पडली.

कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मुलांना बेडूक चिरायला शिकवण्यात त्यांची उभी नोकरी सरली. निवृत्तीनंतर वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं की माणसाच्या पेशीत एक अंश फक्त आईकडून येतो. आई तो लेकीला देते, लेक तिच्या लेकीला. मुलालाही मिळतो, पण त्याच्यापुढे जात नाही. झालं, गृहस्थांच्या पायाला भिंगरी लागली. चहासुद्धा उभ्यानं पिऊ लागले. कुणी बसा म्हटलं की ऐकवत, "हजारो वर्षांमागं एक माय चालत चालत या मुलखात आली. तिच्या लेकी कोनी गंगेकडं गेल्या, कोनी समुद्राकडं. एखादी आपल्या काटोलाकडं आली असन. ती बसली नाई, मंग मी काहून बसू?"

लकडगंजात फळी आणायला गेले की फळी विसरत आणि वखारवाल्याच्या आजीचं गाव घेऊन येत. दाढ काढायला गेले तेव्हा डॉक्टरनं आपलं आजोळ सांगेपर्यंत यांनी तोंड उघडलं नाही. ही सगळी माहिती खळीनं चिकटवलेल्या तपकिरी कागदांवर उतरे आणि ते कागद ओसरीभर पसरलेले असत. आम्ही भाडेकरू भिंतीला पाठ लावून ये-जा करत होतो. कुणी वडिलांचं घराणं सांगू लागलं तर ते हात झटकत. "बापाचं काय, तो सातबाऱ्यावर सापडते. माय कुठं सापडते?"

त्यांची स्वतःची माय मात्र सापडत नव्हती. ते दोन वर्षांचे असताना ती गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, काही वर्षांनी इतवारीतलं घर सोडलं आणि तो विषय पुन्हा काढू दिला नाही. आईचं नाव अन्नपूर्णा आणि माहेर काटोलजवळचं एक खेडं, एवढंच हाती होतं. माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या खेड्यात ते तीनदा गेले. अन्नपूर्णा म्हणून कुणी पोरगी या गावात झालीच नाही, असं म्हातारी माणसं शपथेवर सांगत. परतताना मला स्कूटर जड वाटायची.

शेवटी माझी बायको कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "काका, माझं नाव तरी माहेरी हे कुठं होतं? लग्नात ताटातल्या तांदळावर लिहून बदललंच ना?"

घरमालक मटकन ओट्यावर बसले. चार वर्षं ओसरीभर लिहिलेल्या शेकडो बायका सासरच्या नावांनी लिहिल्या होत्या. तेवढं पुरुषमाणसाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. या वेळी त्यांनी नाव घेतलं नाही. पारावरच्या माणसांना म्हणाले, "नागपूरले दिलेली, दोन वर्साचं पोरगं ठेवून मेलेली तुमच्या गावची लेक कोनती?" सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं.

दारात एक वाकलेली म्हातारी तूर पाखडत होती. त्यांच्या आईची धाकटी बहीण, गावातल्या गावात दिलेली. तिनं सूप खाली ठेवलं आणि डोळे बारीक करून यांच्याकडे पाहिलं. "बनीचा पोरगा काय रे तू?"

साठीतल्या माणसानं मान डोलावली. मावशीनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"म्या आली होती ना नागपूरले तुले पाह्याले. दोनदा आली. इतवारीत दारोदार फिरली, बनीचं घर कोनतं, बनीचं पोरगं कुठं हाय. सारे म्हनत, बनी कोन? इथं कोनी बनी नाई."

त्या दिवशी ते मावशीकडे दोन्ही वेळ जेवले. आम्ही निघालो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. कळमेश्वरच्या पुढे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून स्कूटर थांबवायला सांगितली, उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून लहान मुलासारखे रडले.

"लहानपनी वाटे, मायकडचं कोनी मले विचाराले आलंच नाई," डोळे पुसत ते म्हणाले. "ती आली तवा मी त्याच गल्लीत ओट्यावर खेळत असन गा."