बाहेरून कुलूप

रशीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाळूजला, कंपनीच्या कँटीनमध्ये पोहे खात होतो. त्याचा थोरला भाऊ बोलत होता. "सुनीलभाऊ, रशीद गया. दुकानाचं शटर उचलताना छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत..." मी हाफ डे टाकला आणि खुलताबादचा रस्ता धरला. एक्केचाळीस वर्षं. हे काय जायचं वय आहे का?

कब्रस्तानात माती देऊन बाहेर आलो तर दोघं-तिघं झाडाखाली बोलत उभे होते. हात लई चांगला होता, मिक्सर असो की मोटर, बिघाड कानानं ओळखायचा. पण नशेपायी कंपनीतली नोकरी घालवली, नाहीतर आज पर्मनंट असता. थोरल्या भावानं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही तर तेव्हा सोबत राहायचात. तुम्हाला सगळं माहीतच आहे." मला सगळं माहीत होतं, आणि मी नुसती मान हलवली. मेलेल्या मित्रावर अजून एक ढेकूळ टाकून मी घरी आलो.

चौदा वर्षांपूर्वी बजाजनगरात आमची दोघांची एक खोली होती, पत्र्याची. मी सोयगावचा, तो खुलताबादचा. एकाच कंपनीत ट्रेनी, पाळ्या मात्र वेगळ्या. तिथं खोल्या-खोल्यांतून एक रीत होती. रातपाळी करून आलेला दिवसा झोपला, की कामावर जाणारा जोडीदार बाहेरून कुलूप लावून जायचा. कुलूप दिसलं की भाजीवाला हाक मारत नाही, शेजारची पोरं दार वाजवत नाहीत, झोपणारा सुखानं झोपतो. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

त्या आठवड्यात मला झोपच येत नव्हती. पर्मनंटच्या यादीत माझं नाव लागलं होतं, चार दिवसांत लेटर हातात पडणार होतं. घरी आईनं गावभर सांगून टाकलेलं. त्या काळजीनंच डोळा लागेना. लाइनवरच्या एकानं सकाळी सुटताना खिशात एक गांजा भरलेली सिगारेट घातली. "दोन झुरके मार, मढ्यासारखा झोपशील." तोवर मी साधी बिडीसुद्धा ओढलेली नव्हती. रशीदला सांगितलं असतं तर त्यानं ती मोरीत फेकली असती, म्हणून गप्प राहिलो. अडीचला तो निघाला. "सो जा रे सुनील्या, तोंड बघ कसं झालंय," म्हणाला आणि नेहमीसारखं बाहेरून कुलूप लावून गेला. मी खिडकी लावून घेतली आणि सिगारेट पेटवली.

पहिल्यांदा नुसता खोकला. मग वाटलं, काहीच तर होत नाही, म्हणून अजून ओढली. सगळी अक्कल गहाण टाकलेली! थोड्या वेळानं जीभ लाकडासारखी झाली, छाती धडधडायला लागली. घड्याळात बघितलं, तीन वाजून दहा. खूप खूप वेळ गेला, एक जन्म गेला असं वाटलं, परत बघितलं तर तीन अकरा. पत्रा खाली खाली येतोय असं वाटायला लागलं. आता आपण मरणार हे मला अगदी नक्की कळलं. दार ओढलं... बाहेरून कुलूप. दार वाजवावं तर घरमालक येणार, वास ओळखणार, गोष्ट कंपनीत जाणार. खिडकी उघडावी तरी तेच. आत राहावं तर श्वास पुरत नव्हता. मी भिंतीला पाठ लावून बसलो आणि आईचं नाव घेत रडलो.

रशीदचा मोबाइल गेटवर जमा असायचा. मी गेटवर फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "रशीदला पाठवा, खोलीत आग लागली!"

तो चालती लाइन सोडून, गेटपास न घेता पळत सुटला. आग म्हटल्यावर सिक्युरिटीवाल्यानं त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर आणलं. कुलूप काढलं, आणि दोघं आत आले. आग नव्हती. धूर होता, वास होता, फरशीवर थोटूक होतं आणि मी होतो. सिक्युरिटीवाल्यानं नाक मुरडलं. "ये किसका है?"

रशीदनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "मेरा है साहब. जाताना मी ओढली. हा रातपाळीचा, झोपलेला होता. धूर कोंडला, याला आग वाटली." बाहेरून कुलूप होतं, आत झोपलेला माणूस होता, सगळं कसं बरोबर बसलं. माझी पाचावर धारण बसलेली. पण खरं सांगायचं तर एवढी शुद्ध मला होती. मी नाही म्हणू शकत होतो. मूग गिळून बसलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. ट्रंक भरताना तो एवढंच म्हणाला, "तुझं नाव यादीत आहे, माझं अजून यायचं होतं. दोघांचं कशाला घालवायचं?" चार दिवसांनी मला लेटर मिळालं. नंतर आमच्या भेटी व्हायच्या, ईदला मी जायचो, पोटभर खाऊन यायचो. तो विषय त्यानं कधी काढला नाही. मी तर नाहीच नाही.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला गेलो ते ठरवूनच. आतल्या खोलीत रशीदच्या अम्मी एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्यापुढं बसून एका दमात सगळं सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "चौदा साल, बेटा. रोज संध्याकाळी तो दुकानातून आला की मी त्याचे खिसे तपासायची. शर्टाचा वास घ्यायची. तो हात वर करून उभा राहायचा, हसायचा. शादी झाली, बाप झाला, तरी मी तपासायची. दवाखान्यातून त्याचे कपडे दिले ना, तेव्हाही मी पहिला खिसाच बघितला." त्यांनी भिंतीकडं हात केला. खुंटीला त्याचा निळा शर्ट होता, खिसा तसाच उलटा बाहेर काढलेला. "माझ्या बीपीच्या गोळ्या निघाल्या."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय आखडून घेतले. "मला काय सांगतो? बाहेर सगळे जेवायला बसलेत. त्यांना सांग."

मी उठलो, पडद्यापर्यंत गेलो. बाहेर ओसरीवर सगळे होते. थोरल्या भावानं हाताला धरून मला बसवलं, पुढं ताट ठेवलं. "खाओ भाऊ." आणि मी जेवलो. या माझ्या घशातून त्या दिवशीही शब्द निघाला नाही, घास तेवढा खाली गेला.

म्हणून हे लिहितोय. अम्मींना वाचता येत नाही. थोरल्या भावाला फोन करून सांगितलंय, रविवारची पुरवणी घ्या आणि ओसरीवर सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचा. तर भाऊ, आता वाचताय ना? मग हेही मोठ्यानं वाचा. रशीदनं ओढली नव्हती. मी ओढली होती.