डिझेलच्या टाकीचं कुलूप

पिकअपला मोठे टायर बसवायचं खूळ माझं होतं, मामाचं नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचा दोष वाटून घ्यायला मी कोणालाही बोलावणार नाही.

आमचा धंदा साधा होता. रसमड्याच्या कारखान्यांतून लोखंडाचे कापलेले भाग उचलायचे आणि भिलाईतल्या वर्कशॉपांना पोचवायचे. गाडी एकच. मालक मी, ड्रायव्हर माझा सख्खा मामा. तो भंडाऱ्याकडून भिलाईला आला तो माझ्या वडिलांच्या मागोमाग. वडील स्टील प्लांटमध्ये कायम झाले, मामा ठेकेदारांकडेच राहिला, आणि मग त्यानं स्टिअरिंग धरलं ते तीस वर्षं सोडलं नाही. मला गाडी शिकवली ती त्यानंच.

खुर्सीपारच्या स्टँडवर मामाची एकाच गोष्टीसाठी ख्याती होती, हा माणूस तेल मारत नाही. तेल मारणं म्हणजे मालकाच्या टाकीत नळी टाकून चार-पाच लिटर डिझेल काढायचं आणि बाहेर विकायचं. आमच्याकडे हे इतकं चालतं की त्याला चोरी म्हणायलाही लोक कंटाळतात. मामानं ते कधी केलं नाही. मिरवण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून तो एवढंच मिरवायचा, आणि बाकीचे ड्रायव्हर त्यावरून त्याची थट्टा करायचे.

एका पावसाळ्यात रसमड्याच्या कच्च्या रस्त्यावर गाडी दोनदा चिखलात रुतली. दुसऱ्यांदा क्रेन बोलवावी लागली. तेव्हापासून माझ्या डोक्यात ते जाड खाचांचे, कुठल्याही रस्त्यावर चालणारे टायर बसले. खरं सांगायचं तर चिखल हे निमित्त होतं. फोनवर तसल्या गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून मला माझी पिकअप एकदम लेचीपेची दिसायला लागली होती. पॉवर हाउस भागातल्या टायरवाल्यानं कंपनीच्या मापापेक्षा चांगले मोठे टायर दाखवले, मडगार्ड थोडं कापावं लागेल म्हणाला, आणि मी हो म्हणालो.

मामा बाजूला उभा होता. "गाडीले तिच्या मापाचंच राहू दे बाबू," तो म्हणाला. "कंपनीनं काही इचार करूनच देलं असन."

मी हसलो. मालकाचं हसू होतं ते, भाच्याचं नव्हतं. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, मामानं नमस्कार करून गाडी त्यांच्यावरून नेली, आणि झालं. चिखलात गाडी पुन्हा कधी रुतली नाही, हेही खरंच.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. आकड्यांवर माझा फार विश्वास. दर वेळी टाकी तोंडापर्यंत भरायची, मीटर लिहून घ्यायचं, पुढच्या वेळी पुन्हा तोंडापर्यंत भरायची, आणि मधले किलोमीटर भागिले लिटर. गाडी चौदाचं ॲव्हरेज देत होती, वर्षानुवर्षं. नवे टायर लागल्यावर ते अकरावर आलं. जड टायरला डिझेल जास्त लागतं, एवढं मलाही कळत होतं. बारा आलं असतं तर मी काही बोललो नसतो. अकरा मला पचेना. लिटरमागचा तो एक किलोमीटर कुठे जातो, याचाच विचार मी जेवताना, आंघोळ करताना, सगळीकडे करू लागलो.

आणि मग मला वाटायला लागलं की टायरचं निमित्त साधून मामा तेल मारतोय. तीस वर्षांत नाही ते आता, म्हातारपणी, मुलीच्या लग्नानंतर हात तंग झाल्यावर. हा विचार एकदा आला आणि मग गेलाच नाही. मी त्याला सरळ विचारायला हवं होतं. मला विचारायची लाज वाटली, कुलूप लावायची वाटली नाही. एका सकाळी तो यायच्या आधी मी टाकीच्या झाकणाला पितळी कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

आमच्याकडे टाकीला कुलूप लागलं की ड्रायव्हरबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. मामानं ते पाहिलं, हात लावून पाहिलं, आणि गाडी काढली. त्या दिवशी स्टँडवर ते सगळ्यांनी पाहिलं असणार.

त्यानंतर तो बदलला. जेवायला खाली उतरेना, डबा केबिनमध्येच खायचा. गाडी उभी करताना टाकीची बाजू भिंतीला अगदी चिकटवून लावायचा. एकदा तर तो गाडीखाली पुठ्ठा टाकून झोपलेला दिसला, बोटांनी पाइप चाचपत. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "लिकेज पाहून राहिलो." मला हे सगळं नाटक वाटलं. आज आठवलं की माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

कुलूप लागल्यावर ॲव्हरेज वर सरकलं. आधी साडेअकरा, मग जवळजवळ बारा. मला काय आनंद झाला. घरी जेवताना मी सगळ्यांसमोर सांगितलं की बघा, कुलूप लावल्याबरोबर चोरी थांबली. आई तिथेच बसली होती. आपल्या धाकट्या भावाबद्दल हे ऐकून ती अर्धं ताट तसंच ठेवून आत गेली. मी मात्र दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली.

पंधरा-वीस दिवसांनी, भर दुपारी, लोखंड भरलेली पिकअप रेल्वेच्या ओव्हरब्रिजवरून उतरताना खाली उभ्या असलेल्या ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यावर गेली. ड्रायव्हरची बाजू आत दबली. मामा वाचला, पण त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी ओढून आणणाऱ्या मेकॅनिकनं मला बाजूला घेतलं. "चाबी बंद थी भैया," तो म्हणाला. "गाड़ी न्यूट्रल में थी।"

हे ड्रायव्हर लोकांचं जुनं शास्त्र. उतार लागला की गिअर काढायचा, इंजिन बंद करायचं, गाडी आपली आपण जाते आणि तेवढं डिझेल वाचतं. पण इंजिन बंद झालं की ब्रेकचा जोर जातो. एक-दोनदा पेडल दाबेपर्यंत ठीक, मग ते दगडासारखं होतं. जुन्या काळच्या रिकाम्या गाड्यांत हे खपून जायचं. माल भरलेली गाडी आणि ते जड टायर, यात नाही खपलं. मामाला हे माहीत होतं. मला गाडी शिकवताना त्यानंच सांगितलं होतं की उतारावर कधीही इंजिन बंद करायचं नाही.

दवाखान्यात मी त्याला विचारलं, की तुम्ही असं का केलं.

"तेवढंच वाचे बाबू," तो छताकडे पाहत म्हणाला. "तुह्या हिशोबात कमी पडून राहिलं होतं ना."

म्हणजे कुलपानं चोरी थांबवली नव्हती. मामा रोज प्रत्येक उतारावर जीव धोक्यात घालून माझा आकडा भरून काढत होता.

गाडी दुरुस्त झाल्यावर मी स्वतः चालवायला लागलो. ड्रायव्हर ठेवायची हिंमत नव्हती. एका फेरीला रसमड्याची वाट वळवलेली होती म्हणून फोनवर नकाशा लावला. पोचलो तेव्हा फोन सांगत होता बावीस किलोमीटर, आणि गाडीचं मीटर सांगत होतं वीस. परत येतानाही तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तडक टायरवाल्याकडे गेलो. तो चहा पीत होता.

"चक्का बड़ा, तो चक्कर कम," तो अगदी सहज म्हणाला. "मीटर तो सिर्फ चक्कर गिनता है।"

मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, आणि मीटर फेरे मोजतं, रस्ता नाही. गाडी बावीस चालायची आणि मी वीसच धरून भागाकार मांडायचो. मी ज्याला अकरा म्हणत होतो ते खरं तर बारा होतं. बारा आलं असतं तर मी काही बोललो नसतो. तो हरवलेला किलोमीटर कोणी नेलाच नव्हता, मामा तो रोज चालवत होता. एवढी साधी गोष्ट, आणि मी बी.एस्सी. झालेला माणूस.

मी खुर्सीपारला मामाच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तो खाटेवर बसून ऐकत होता. मामी दाराशी उभी होती.

"मंजी टाकीतून कोणी नेलंच नाई," तो हळू म्हणाला.

"नाई मामा."

"मले वाटे, मी जेवाले उतरलो का कोणी नळी टाकते. मले त माह्यावरच शक येऊन राहिला होता, का आपूनच कुठं भुलून राहिलो."

मी त्याचे पाय धरायला वाकलो आणि एकच हाती लागला. मी रडलो. तो नाही रडला. तो म्हणाला, "हे स्टँडवर सांगशील का? माह्या तोंडानं सांगून काही होत नाई."

मी दुसऱ्याच दिवशी स्टँडवर गेलो. सात-आठ जण होते, बरेचसे मामाला ओळखणारे. मी टायर दाखवले, मीटर दाखवलं, फोनवरचा नकाशा दाखवला. चूक माझी होती हे तीन वेळा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अच्छा किया भैया। पैर चला गया बेचारे का, अब क्या चोर बोलना।" बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं विचारलं, गाडीला ड्रायव्हर पाहिजे का. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो तेव्हा ते आपापल्या गाड्यांकडे निघून गेले.

आठवड्याभरानं मामाकडे गेलो. तो दारातच खाट टाकून बसला होता. स्टँड तिथून दोनशे पावलांवर.

"सांगतलं?"

"सांगतलं."

"मानलं त्यायनं?"

"मानलं," मी म्हणालो.

मामानं स्टँडच्या दिशेनं पाहिलं.

"मंग एकही जन मले भेटाले कावून नाई आला?" त्यानं विचारलं.