रियाजनं लपवलेला चष्मा

मी बारामतीजवळच्या जळोचीचा. बारावीनंतर वर्दीत गेलो, नऊ वर्षं समुद्रावर काढली. शेवटची पाच एका गस्तीच्या जहाजावर. रियाज मुलाणी त्याच जहाजावर इंजिन रूमला होता. इंदापूरचा. वडलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. सगळ्या जहाजात बारामती-इंदापूरचे आम्ही दोघंच, म्हणून आमचं नाव पडलं ‘उसवाले’.

त्या जहाजावर पहिल्या वर्षी मला समुद्र लागला. रियाजला कधीच नाही. मी बादली धरून बसायचो, तो माझ्यासमोर अंडी खायचा.

जहाज लागतं ते पोटामुळं नाही, हे आधी डोक्यात घाला. कानाच्या आतला तोल सांगतो की शरीर हलतंय. खोलीतल्या भिंती तुमच्याबरोबरच हलतात, म्हणून डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. दोन साक्षीदार दोन जबान्या देतात आणि मेंदू गोंधळतो. त्यात डिझेलचा वास, उकाडा, अपुरी झोप. म्हणून जुने लोक सांगतात, वर जा, क्षितिज बघ.

तिथल्या पाचव्या वर्षी रियाज सुट्टीवरून परत आला तो चष्मा घेऊन. इंजिनच्या गेजचे आकडे अंधुक दिसायला लागले होते. वडलांनी धरून चष्म्याच्या दुकानात नेलं. पहिल्यांदाच सिलिंडर नंबर निघाला, म्हणजे बुबुळाचा गोलावा सारखा नसल्याचा. त्यानं चष्मा घेतला आणि सुट्टीभर डबीतच ठेवला. गावात एकानं बघितलं तर चार जण विचारणार, जहाजावर कळलं तर मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा, उतरणार, जहाजावरची नेमणूक जाणार. कॅटेगरी खरंच उतरली असती का? कुणालाच माहीत नव्हतं, कारण विचारायची सोय नव्हती. जो विचारेल तो पकडला जाईल, अशी समजूत. या समजुतीवर माझा राग आहे आणि तो जाणार नाही.

त्यानं तो चष्मा पहिल्यांदा लावला तो खाली इंजिन रूममध्ये, जहाज बंदर सोडून निघाल्यावर. फक्त मला दाखवला आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द घेतला. दुसऱ्या दिवशी वारा वाढला. अप्पर डेकवर जायला मनाई झाली. रियाज ओकायला लागला. आमच्या वरचे पेटी ऑफिसर हसले, “काय रे उसवाल्या, चार वर्षांनी दिवस गेले का?” मेडिकल असिस्टंटनं गोळी दिली आणि विचारलं, काही नवीन घेतलंस, खाल्लंस? रियाज नाही म्हणाला. मी शेजारी उभा होतो. मीही गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ०८१५ ला तो मेसमध्ये जमिनीवर बसलेला सापडला. ओठ कोरडे पडलेले.

“हे लावलं की जमीन तिरकी दिसती रं. काढलं की आकडं दिसत न्हाईत.”

“काढ आधी. चल, वर जाऊ. क्षितिज बघ, उतरंल.”

“मनाई हाय.”

“आडोशाच्या बाजूला दहा मिनिटं. मी दारात हाय.”

त्यानं चष्मा माझ्या हातात दिला. दाराच्या कड्या मी काढल्या. त्याच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. ०८२५ ला तो रेलिंग धरून उभा राहिला. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. त्यानं मागं वळून अंगठा दाखवला.

स्पीकरवर घोषणा झाली, जहाज वळतंय. वळलं की आडोशाची बाजू वाऱ्याला येते, हे मला माहीत होतं. मी ओरडलो, “आत ये.” तो आला असता. चार पावलं होती. लाट आधी आली. ती ओसरली तेव्हा डेक मोकळं होतं.

“मॅन ओव्हरबोर्ड, पोर्ट साइड,” मी ओरडलो, डाव्या बाजूनं माणूस पाण्यात. लाइफबॉयचं तरंगतं कडं टाकलं. जहाज फिरवलं. सूर्य मावळेपर्यंत शोधलं. मग वायरलेसवर पाच शब्द गेले: शोध घेतला, काही मिळालं नाही.

चौकशीत मी सांगितलं की दार मी उघडलं. शिक्षा भोगली. चष्म्याचं सांगितलं नाही, कारण त्याला शब्द दिला होता. चौकशी चालू होती तेव्हा चष्मा माझ्या खिशातच होता. कागदावर एवढंच राहिलं की रियाज मनाई मोडून वर गेला.

नोकरी सुटल्यावर बारामतीत एका डोळ्यांच्या डॉक्टरांना तो चष्मा दाखवला. ते म्हणाले, अशा नंबरला सुरुवातीला जमीन तिरकी दिसते, काहींना मळमळतं. डोळ्यांना सवय व्हायला काही दिवस जातात. ते दिवस जमिनीवर काढायचे असतात. एकट्या चष्म्यानं समुद्र लागला असं त्यांनी म्हटलं नाही. भर घातली असेल, एवढंच म्हणाले.

मग इंदापूरला गेलो. रियाजचे वडील, आमचे चाचा, दुकानात चाकाच्या तारा आवळत होते.

“खरं सांग. चष्म्यानं झालं का? मीच घ्यायला लावला.”

मी सगळं सांगितलं. चष्मा लपवला, मी गप्प बसलो, दार उघडलं, जॅकेट विसरलो.

त्यांनी हातातली तार आवळून संपवली. मग विचारलं, “वर गेल्यावर बरं वाटलं का त्याला?”

“व्हय चाचा. अंगठा दाखवला त्यानं.”

मी चष्मा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी काचा शर्टाला पुसल्या आणि तो परत माझ्याकडं दिला.

“तुझ्याकडंच ठेव. पण आता लपवू नको.”

बारामती-इंदापूरच्या भरती अकॅडम्यांत मी पत्रकं घेऊन जातो. पोरांनो, नंबर लपवू नका. साहेब, जो सांगेल त्याला गुन्हेगार धरू नका. बोलण्याआधी चष्मा टेबलावर ठेवतो आणि नाव सांगतो. रियाज मुलाणी. इंजिन रूम. वय सव्वीस.